मैत्री आणि सेवा: मधल्या ‘आणि’विषयी



संयोजकांनी मला पत्रात विषय कळवला तो असा: ‘आंतरसांस्कृतिक मैत्री आणि समाजसेवा: स्वयंसेवी नेतृत्वापुढील आव्हाने’. आव्हानांवर बोलणारे पुष्कळ आहेत. माझं लक्ष गेलं ते ‘आणि’कडे. संस्थांच्या पत्रांवर, शिबिरांच्या फलकांवर हे दोन शब्द इतकी वर्षं शेजारी शेजारी बसलेत की ती सख्खी भावंडं आहेत असं आपण धरूनच चालतो. परप्रांतातल्या, परधर्मातल्या माणसांची सेवा केली की मैत्री आपोआप होते, असा एक समज त्या ‘आणि’मागे आहे. हा समज मला तपासायचा आहे. सभागृहात सेवादलाची मंडळी दिसताहेत. त्यांनी रागावू नये. रागावायचं असेल तर शेवटी.

सुरुवात पतंजलीपासून करू. योगसूत्रांच्या पहिल्या पादात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना येतात. चारांची नावं सगळ्यांना पाठ असतात. त्या कोणाविषयी बाळगायच्या हे मात्र फारसं कोणी पाहत नाही. मैत्री सांगितली आहे ती सुखी माणसाविषयी. दुःखी माणसाविषयी करुणा. बघा, केवढी सूक्ष्म नजर आहे! दुःखी माणसाविषयी वाईट वाटणं त्या मानानं सोपं असतं. दुसरा सुखात असताना त्याच्याजवळ मत्सराशिवाय बसता येणं, ही मैत्री.

आता आपल्या स्वयंसेवी कामाकडे पाहा. आपण दुसऱ्या समाजाला भेटतो कधी? भूकंप झाला, पूर आला, दंगल झाली, कुपोषणानं मुलं दगावली, की भेटतो. म्हणजे गाठ पडते ती कायम दुःखी माणसाशीच. करुणेला भरपूर वाव, मैत्रीला प्रसंगच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि देशभरातून, परदेशांतून माणसं धावली. ते धावणं खरं होतं, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या लोकांच्या अंगणात पुन्हा सुगी आली, लेकीबाळींची लग्नं ठरली, तेव्हा धावून आलेल्यांपैकी कितीजण पंगतीला होते? हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण लग्नाला जाणं हे ‘काम’ नव्हे.

किल्लारीचंच पुढे नेतो. बावन्न गावं मूळ जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सरळ रांगा, आखीव चौकोन. दगडमातीच्या वाड्यांत राहिलेल्या शेतकऱ्यांना ती शहरातल्या वसाहतीसारखी घरं मिळाली. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, अंगणाचा आडोसा कसा करायचा, असले प्रश्न नंतर निघाले. बांधणाऱ्यांना मात्र त्या गावांचा अभिमान होता. आता हे ‘आपलं गाव’, असं कार्यकर्ते म्हणत. हा अभिमान कुठून येतो, हे ॲरिस्टॉटलनं फार पूर्वी सांगून ठेवलंय. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या नवव्या पुस्तकात तो विचारतो: उपकार करणाऱ्याचं प्रेम उपकार घेणाऱ्याच्या प्रेमापेक्षा जास्त का असतं? त्याचं उत्तर थोडं बोचरं आहे. कारागिराचं आपल्या वस्तूवर प्रेम असतं, कवीचं आपल्या कवितेवर असतं, त्यातलाच हा प्रकार. ज्याच्यावर उपकार केले तो माणूस म्हणजे जणू उपकारकर्त्याची कृती. वस्तू काही कारागिरावर तेवढं प्रेम करत नाही. तिनं का करावं?

वीस वर्षं एखाद्या भागात काम केलेला कार्यकर्ता ‘या लोकांनी मला खूप प्रेम दिलं’ असं सांगतो, तेव्हा ॲरिस्टॉटल मागून हळूच विचारतो, की बाबा, तू प्रेम करतोस ते त्यांच्यावर की तुझ्या वीस वर्षांवर?

याच ॲरिस्टॉटलनं मैत्रीच्या प्रकरणात एक म्हण दिली आहे: बरोबर बसून मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. मराठीतही मीठ आहे, पण आपण ‘खाल्ल्या मिठाला जागतो’. ग्रीक म्हणीत मीठ दोघं मिळून खातात. आपल्याकडे एक देतो, दुसरा खातो आणि जन्मभर जागतो. सेवेच्या क्षेत्रात आपण तोंडानं ग्रीक मीठ म्हणतो आणि वाढतो ते मराठी.

(हशा)

ही टीका सर्वांत कडक शब्दांत केली ती इव्हान इलिच यांनी. १९६८ साली, मेक्सिकोतल्या खेड्यांत सुट्टीत सेवा करायला निघालेल्या अमेरिकी तरुणांसमोर त्यांचं भाषण झालं. केनेडींच्या पीस कोअरला तेव्हा सातच वर्षं झाली होती, परदेशी जाऊन सेवा करण्याची हवा होती. इलिचनी त्या मुलांना तोंडावर सांगितलं, की तुमचे सद्हेतू तुमच्यापाशी ठेवा. यायचंच असेल तर बघायला या, डोंगर चढा, फुलं पाहा, शिका. मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, ते तुम्हाला ‘चालते व्हा’ म्हणाले तरी ते तुम्हाला कळणार नाही, हा त्यातला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

पण इलिचशी मी पूर्ण सहमत नाही. पर्यटक निरुपद्रवी असतो हे त्यांचं गृहीत कच्चं आहे. पर्यटकही समान पातळीवर येत नाही, तो विकत घेत येतो. शिवाय गंमत अशी, की इलिच स्वतः व्हिएन्नात जन्मलेले, मेक्सिकोत परकेच. क्वेर्नाव्हाकाला त्यांचं जे केंद्र होतं, तिथं परदेशी लोकांना, मुख्यतः मिशनऱ्यांना आणि स्वयंसेवकांना, स्पॅनिश शिकवलं जायचं. म्हणजे भाषणात ते दार बंद करतात आणि केंद्रात त्याच दाराची किल्ली देतात. मला त्यांचं केंद्र त्यांच्या भाषणापेक्षा शहाणं वाटतं.

याच्या उलट टोकाला पिएर सेरेसोल. स्विस माणूस, इंजिनिअर, वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झालेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त फ्रेंच गावात त्यानं श्रमशिबिर काढलं आणि त्यात जर्मन स्वयंसेवक घेतले. जर्मन! ज्यांच्या तोफांनी तो मुलूख नांगरला होता, त्यांच्याच हातात फावडी. ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ची सुरुवात ती. काही महिन्यांत स्थानिक विरोधामुळे शिबिर उठवावं लागलं. इतिहासात याची नोंद अपयश म्हणून होते. मला ते त्या चळवळीतलं सर्वांत निर्मळ शिबिर वाटतं. कारण जर्मन पोरं उपकार करायला आली नव्हती, देणं फेडायला आली होती. आणि गावाला ‘नको’ म्हणता आलं. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याशी मैत्री कशी होणार?

हाच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर आपल्याकडे आला. राजेंद्रप्रसादांना, गांधीजींना भेटला, मुजफ्फरपूर भागात हातात कुदळ घेऊन राबला, पुनःपुन्हा आला. माणूस थोर होता, वादच नाही. पण त्या कामाबद्दल आपण वाचतो ते त्याच्या पत्रांतून. म्हणजे सेरेसोलच्या डोळ्यांनी दिसलेला बिहार. ‘शब्द नकोत, कृती हवी’ हे त्याच्या संघटनेचं ब्रीद. व्हर्दंला ते शोभलं. तिथं शब्दांनीच घात केला होता. बिहारच्या खेड्यात मात्र शब्दच हवे होते. मुकाट्यानं राबणाऱ्या गोऱ्या माणसाला गावकरी हात जोडतात. तोडकं-मोडकं हिंदी बोलणाऱ्याला हसतात. मैत्रीची शक्यता हसण्यात जास्त आहे.

म्हणून मला साने गुरुजींची आठवण येते. गुरुजी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ होते, तेव्हा ते आमच्याच पंथातले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना ते तमिळ शिकले आणि पुढे ‘कुरल’ मराठीत आणलं. तिथं हा माणूस कोणाची सेवा करत नव्हता. तो अडाणी होता, विद्यार्थी होता, आणि देणारे तमिळ लोक होते. आंतरभारतीची कल्पना त्यांनी पुढे मांडली. तिच्या मुळाशी हे घेणं आहे, असं मी मानतो. भारतातल्या सगळ्या भाषा जिथं शिकता येतील असं केंद्र त्यांना हवं होतं. आपण त्याचं काय केलं? मुलांना फेटे बांधले, एकाला पंजाबी केलं, एकीला केरळी साडी नेसवली, आणि टाळ्या वाजवल्या.

इथं एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो गुरुजींवरही आहे. एकमेकांची भाषा कळली की प्रेम वाढेल, असं ते धरून चालत. बेळगावला जा. तिथं मराठी माणसाला कानडी कळतं, कानडी माणसाला मराठी कळतं, आणि १९५६ पासून वाद चालू आहे. तेव्हा भाषा पुरेशी नाही. पण नीट पाहिलं तर त्याच बेळगावात भाजीबाजारात, तालमीत, दवाखान्यात दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या उसनवारीवर जगतात. ती मैत्री कोणा नेत्यानं घडवलेली नाही. नेते आले की उलट ती जरा आवरती घेतली जाते. मग ‘मैत्री वाढवणारा नेता’ या पदाचं नेमकं काम काय, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते ते काम फार छोटं आणि कंटाळवाणं आहे. उसनवारीला वाट करून देणं. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या छावणीत हजारो मुलं राबून आली, त्यांतल्या अनेकांचं आयुष्य बदललं. आपल्या शिबिरांच्या परंपरेला मी कमी लेखत नाही. पण ही परंपरा बहुतेक एकाच दिशेनं वाहते. शहरातून मेळघाटात मुलं जातात, कोरकू घरात आठ दिवस राहतात. परतीचा प्रवास कोरकू मुलांच्या वाट्याला येतो तो नाच सादर करायला, ढोल घेऊन.

माझा एक जुना विद्यार्थी अशी शिबिरं नेतो. निरोपाच्या दिवशी एका म्हातारीनं त्याला विचारलं, ‘तुमच्या गावाला आम्ही कधी यायचं?’ त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या मे महिन्यात त्यानं तिच्या नातवासह चौघांना पुण्याला आणलं, चार घरांत ठेवलं. कार्यक्रम काही नाही. दोन घरांत छान जमलं. तिसऱ्यात पंखा आणि अंघोळीच्या पाण्यावरून कुरबुरी झाल्या. चौथ्यातला मुलगा तिसऱ्या दिवशी परत जातो म्हणाला, आणि त्याला एसटीत बसवून दिलं. नातवानं गावी जाऊन आजीला सांगितलं, की या लोकांच्या जेवणात तिखट नसतं आणि म्हाताऱ्या माणसांशी कोणी बोलत नाही. विद्यार्थी मला विचारत होता, हे अहवालात लिहू का. मी म्हटलं, आधी ते लिही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. सेवादलाच्या मंडळींपासून सुरू करा.