तीन घरांची परवानगी, एका घराची जागा

घरबांधणीच्या चर्चेत मिनिआपोलिसचं नाव हल्ली आदरानं घेतलं जातं. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या नगर परिषदेनं 'मिनिआपोलिस २०४०' हा आराखडा मंजूर केला. जिथे एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर बांधता येत होतं, तिथे तीन घरांना मोकळीक मिळाली. असं करणारं अमेरिकेतलं हे पहिलं मोठं शहर. कौतुक रास्तच आहे, पण माझं त्यानं समाधान होत नाही. का, ते सांगायला फार परिभाषा लागणार नाही. मराठी वाचकाला एफएसआय शिकवावा लागत नाही.

शहराच्या आतल्या बऱ्याच निवासी भागांत एफएसआय सुरुवातीला ०.५ च राहिला. एका घराला तेवढा, तीन घरांना मिळूनही तेवढाच. म्हणजे पाच हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर अडीच हजार फूट बांधकाम. त्याचे तीन भाग करा, जिना वजा करा, आणि त्यासाठी उभं घर विकत घेऊन पाडायचं आहे हेही लक्षात ठेवा. वर आणखी एक मेख. अमेरिकेत साधारणपणे दोन घरांपर्यंतची इमारत घरगुती बांधकाम संहितेत बसते. तिसरं घर आलं की तिला मोठ्या अपार्टमेंटची संहिता लागू होते आणि आग विझवणाऱ्या फवाऱ्यांपासून सगळा खर्च वाढतो. बिल्डरला हा हिशेब लगेच कळतो. म्हणूनच तीन घरांच्या इमारती तिथे फारच थोड्या झाल्या. नवी घरं आली ती मुख्यतः मोठ्या रस्त्यांवरच्या अपार्टमेंटमधून. पार्किंगची सक्ती २०२१ मध्ये उठवली, त्याचाही त्यांना फायदा झाला. ते चांगलंच, पण त्याचं श्रेय तीन घरांच्या कलमाला कशाला?

पोर्टलंडनं २०२० मध्ये जास्त शहाणपणा दाखवला. तिथल्या एका नेहमीच्या निवासी विभागात एका घराला ०.५, दोनांना ०.६ आणि तीन-चार घरांना ०.७ एफएसआय मिळतो. घरं वाढवा, जागा वाढेल. ऑकलंडनं २०१६ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर नियम सैल केले, आणि तिथे रो-हाऊसेसच्या रांगा खरोखर उभ्या राहिल्या.

बंगला आणि टॉवर यांच्यामधल्या या घरांना वास्तुरचनाकार डॅनियल पॅरोलेक यांनी २०१० मध्ये 'मिसिंग मिडल' असं नाव दिलं. आपल्याला हे मधलं नवं नाही. दादरची हिंदू कॉलनी किंवा शिवाजी पार्क आठवा. तळमजल्यावर दोन-तीन मजले, एक जिना, प्रत्येक मजल्यावर मोजकी बिऱ्हाडं, आणि वाणी-भाजीवाला चालत जाण्याइतका जवळ. दादर-माटुंग्याची आखणी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं केली होती. मुंबईच्या या फ्लॅट-संस्कृतीवर निखिल राव यांचं उत्तम पुस्तक २०१३ मध्ये आलं, तेही मिनिआपोलिसमधल्याच युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटा प्रेसकडून! तिथल्या नगररचना खात्यात ते कुणी चाळलंय का, कोण जाणे.

आता थोडं आपल्याबद्दल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिनिआपोलिसमधल्या हजारो खरेदीखतांत गोऱ्यांखेरीज कुणाला घर विकू नये अशी अट असे. काहींत आशियाईंचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे तुम्हाआम्हाला. त्या अटी बेकायदा ठरल्या, पण एका प्लॉटवर एकच घर हा नियम टिकला आणि दार महागाईनं बंद ठेवता आलं. आज आपण त्या दाराच्या आत आहोत. मी अजून भाड्यानं राहतो, त्यामुळे मला बोलणं सोपं आहे, हे मान्य.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात आणि दूध आणायलासुद्धा गाडी लागते म्हणून कंटाळतात, हे आपण प्रत्येक गणपतीत एकमेकांना सांगतो. मग पालिकेचं पत्र येतं की कोपऱ्यावरच्या प्लॉटवर चार रो-हाऊसेस येणार आहेत. शेजारी विरोधाचा अर्ज घेऊन दारात उभा राहतो आणि शाळा, गर्दी, घराची किंमत असं बोलू लागतो. त्याला तुम्ही काय सांगता?