‘ऑनलाइन सेवा वापरता का?’ या प्रश्नात काय चुकतं

डिजिटल समावेशनावर काम करायचं ठरवलं की प्रश्नावलीत हा प्रश्न हमखास येतो. माझ्याही होता. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पहिल्या फेरीत बरेच ‘हो’ मिळाले आणि मी खूश झाले. मग मुरबाडकडच्या एका वाडीत एका ताईंना सहज विचारलं, “फॉर्म भरल्यावर मेसेज कुठे आला?” त्या म्हणाल्या, “सेंटरवाल्या दादाच्या नंबरवर.”

म्हणजे अर्ज ताईंचा, मोबाईल दादाचा. अर्जात त्रुटी निघाली तर कळणार दादाला. माझ्या तक्त्यात मात्र ताई ‘ऑनलाइन सेवा वापरणाऱ्या’!

आता सरकारी आकड्यांकडे बघा. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला, अपिलाची सोय केली, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड ठेवला. कायदा चांगलाच आहे. पण मुदत मोजायची ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. कागद अपुरे म्हणून खिडकीवरूनच परत गेलेला माणूस या हिशेबात येतच नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. दरवर्षी वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाने तो कुठून आणायचा? इथे नेटवर्क आलं तरी अडचण तीच. त्यामुळे ‘इतके टक्के अर्ज वेळेत निकाली’ हा आकडा खरा असूनही अपुरा असू शकतो.

आपण वाचतो ते सिद्धांतही तपासायला हवेत. यान व्हॅन डाइक यांनी 2005 च्या ‘द डीपनिंग डिव्हाइड’मध्ये प्रेरणा, साधन, कौशल्य आणि वापर अशा चार पायऱ्या मांडल्या. नुसती यंत्रं मोजणाऱ्या अभ्यासांपुढचं हे पाऊल होतं. पण या पायऱ्या चढतो तो एकटा माणूस. वाडीत मात्र वापर होतो तो मुलगा, शेजारी, सेंटरवाला यांच्यामार्फत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33.3 टक्के, पुरुष 57.1 टक्के होते. यातून दरी दिसते, पण मधला माणूस दिसत नाही.

मध्यस्थ असणं वाईटच, असं मी म्हणत नाही. त्या ताईंना दाखला दादामुळेच मिळाला. प्रश्न असा आहे, की काही अडलं तर अपील करायला त्यांच्या हातात काय आहे?

म्हणून माझी प्रश्नावली मी बदलली: नंबर कोणाचा दिला? पावती कोणाकडे आहे? अर्ज परत आला तर तुम्हाला कसं कळतं? न भरताच परतलात असं कधी झालं का? जुना रकाना रद्द केला, काही आठवड्यांचं काम गेलं. वाईट वाटलं. एम.एस्सी.ला प्रयोगाआधी उपकरणाची झीरो एरर बघायची सवय होती. फील्डवर जाताना ती विसरले.

तुम्ही विसरू नका. प्रस्ताव सादर करण्याआधी एक दिवस सेवा केंद्राबाहेर बसा. आत गेलेल्यांपेक्षा परत फिरलेल्यांशी जास्त बोला.