‘भ्रूण-प्रत्यारोपण’ : एका रूढ संज्ञेची चिकित्सा

शरीराबाहेर फलित केलेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या क्रियेस मराठीत ‘भ्रूण-प्रत्यारोपण’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. संज्ञा भारदस्त आहे, परंतु सदोष आहे. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण होते तेव्हा शल्यवैद्य तो अवयव रक्तवाहिन्यांना जोडून देतो. येथे वैद्य काहीच जोडीत नाही. बारीक नळीने भ्रूण आत सोडला की त्याचे काम संपते. अस्तराला चिकटून त्यात शिरण्याचे कार्य पुढे भ्रूण व अस्तर मिळून करतात, किंवा करीत नाहीत. या दोन भिन्न घटना एका शब्दात कोंबल्यामुळे ‘प्रत्यारोपण झाले’ हे वाक्य ऐकणारे दांपत्य गर्भ राहिला असेच समजून घरी परतण्याचा संभव राहतो.

मेहरूणच्या बोरांचे नाव ज्या मातीने राखले, तेथील माळ्याची भाषा याहून काटेकोर आहे. तो रोपावर डोळा ‘भरतो’; पुढे डोळा ‘फुटतो’. पहिले क्रियापद सकर्मक व कर्ता माळी. दुसरे अकर्मक, त्याचा कर्ता डोळाच. त्याच न्यायाने ‘भ्रूण सोडणे’ आणि ‘भ्रूण रुजणे’ अशी जोडी मराठीत सहज उभी राहते.

अर्थात ‘रुजणे’ हा शब्दही निर्धोक नव्हे. त्याच्यामागून बीज व क्षेत्र ही जुनी कल्पना येते, आणि पीक न आल्यास दोष भुईचा ठरतो. स्त्रीचेही बीज असते हे फॉन बेअर याने 1827 मध्ये सस्तन प्राण्यांचे अंडे दाखविल्यापासून स्पष्ट आहे. न रुजण्याचे एक प्रमुख कारण भ्रूणातील गुणसूत्रांच्या संख्येतच असते, व स्त्रीचे वय वाढते तसे त्याचे प्रमाण वाढते. तरीही ‘वांझ’ हे विशेषण भाषेने पुरुषाला क्वचितच लावले, ही गोष्ट परिभाषाकारांनी विसरू नये.

‘वारंवार अपयश’ या शब्दसमूहात तर कर्ताच लुप्त आहे. अपयश कोणाचे? प्रत्येक खेपेस यशाची शक्यता तीनांत एक धरली, तर केवळ योगायोगानेही दहांपैकी सुमारे तीन दांपत्यांच्या वाट्यास सलग तीन निष्फळ खेपा येतील. म्हणूनच युरोपातील मानवी प्रजनन संस्थेने (‘एश्रे’) 2023 मध्ये सरसकट आकडा नाकारला. त्या दांपत्याची एकत्रित अपेक्षित शक्यता साठ टक्क्यांपलीकडे जाऊनही भ्रूण रुजला नसेल, तरच पुढील तपासणी करावी, असे तिने सुचविले.

येथे ‘धोरण’ या शब्दाचीही झाडाझडती घ्यावयास हवी. पाचव्या दिवसापर्यंत वाढवून भ्रूण सोडणे किंवा तो गोठवून पुढील पाळीत सोडणे यांस निवडीचा काही आधार आहे. (गोठविलेल्या भ्रूणाचा मार्ग कलकत्त्यास सुभाष मुखोपाध्याय यांनी 1978 मध्येच चोखाळला होता, त्यांची उपेक्षा झाली, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील 1986 चा जन्म दीर्घकाळ पहिला मानला गेला.) परंतु अस्तर खरवडण्याच्या उपायाचे काय? 1364 स्त्रियांवरील चाचणीचा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. खरवडलेल्या व न खरवडलेल्या, दोन्ही गटांत जिवंत जन्माचे प्रमाण 26.1 टक्केच निघाले. अशा उपायास ‘धोरण’ म्हणणे म्हणजे आशेला शास्त्राचे नाव देणे होय.

2021 च्या कायद्याने या उपचारास लेखी, माहितीपूर्ण संमती आवश्यक केली आहे. जळगावच्या दांपत्यापुढे त्या संमतिपत्राचा मराठी मसुदा येईल, तेव्हा त्यात ‘भ्रूण सोडला जाईल; तो रुजेलच असे नाही’ हे वाक्य असावे, व ‘प्रत्यारोपण’ हा शब्द नसावा.