आज्ञा आणि उत्तर : संगणकीय संहितेतील ‘तू’

वाचक संहितेचा अर्थ पूर्ण करतो, हा वाचककेंद्री समीक्षेचा सिद्धान्त आता परिचित आहे. परंतु वाचकाने शब्द टंकल्यावाचून पुढचे वाक्यच उमटणार नाही, अशा संहितेपुढे तो अपुरा पडतो. संगणकाच्या टर्मिनलवर केवळ अक्षरांतून खेळले जाणारे खेळ या प्रकारात मोडतात. एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात अशा संहितांसाठी ‘अर्गोडिक’ ही संज्ञा योजली. एक प्रश्न मात्र मराठीच्या बाजूनेच विचारावा लागतो : या संहितेतील ‘तू’ कोण?

‘अ‍ॅडव्हेंचर’ हा या प्रकाराचा आद्य नमुना होय. विल क्राउथर यांनी १९७५-७६च्या सुमारास केंटकीतील मॅमथ गुहाजालाच्या परिचयातून तो फोरट्रान भाषेत रचला. डॉन वुड्स यांनी १९७७मध्ये त्याचा विस्तार केला. २०१७मध्ये एरिक रेमंड यांनी दोघांच्या संमतीने त्याची मुक्तस्रोत आवृत्ती ‘ओपन अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने प्रसिद्ध केली. तीत वर्णने व उत्तरे आज्ञावलीपासून वेगळ्या धारिकेत ठेवलेली आहेत. त्यामुळे मराठी रूपांतराच्या आड परवाना येत नाही व रचनाही येत नाही. आड येते ते क्रियापद.

इंग्रजीतील मध्यमपुरुष लिंग सांगत नाही, आदरही सांगत नाही. त्या रिकाम्या जागेत कोणीही वाचक शिरू शकतो. मराठीत खेळाडूची आज्ञा अशीच मोकळी असते : ‘जा’, ‘घे’, ‘उघड’. पण यंत्राने उत्तर दिले की ‘तू गुहेत शिरलास’ की ‘शिरलीस’, हे ठरवावेच लागते. ‘तू किल्ली उचललीस’ या वाक्यात क्रियापद किल्लीचे लिंग घेते आणि कर्ता सुटतो. म्हणजे वस्तू हाती घेताना वाचक अलिंगी आणि वाट चालताना सलिंगी, अशी विसंगती एकाच संहितेत निर्माण होते. ‘तुम्ही’ योजल्यास ‘शिरलात’ हे रूप बहुतांशी निभावते. परंतु ‘उभे आहात’ की ‘उभ्या आहात’ हा पेच उरतो, शिवाय गुहेतील एकाकी सोबतीच्या जागी औपचारिक अंतर येते. ‘नेटहॅक’ (१९८७) या खेळाप्रमाणे प्रारंभीच लिंग विचारून घेता येईल. पण मग ‘तू’ हा वाचक न राहता पात्र होतो.

ही मर्यादा साऱ्या भारतीय भाषांची मानू नये. यवतमाळ जिल्ह्यात मराठीची वऱ्हाडी बोली आणि द्राविडी कुळातील कोलामी शेजारी नांदतात. वऱ्हाडीत ‘गेलास’मधील अंत्य ‘स’ अनेकदा गळतो. ‘तू गेला’ व ‘तू गेली’ हा भेद मात्र टिकतो. मरे एमेनो यांनी १९५५मध्ये ज्या भाषेचे व्याकरण सिद्ध केले, त्या कोलामीत पुल्लिंग व पुल्लिंगेतर हा भेद तृतीयपुरुषात आढळतो. मध्यमपुरुषी क्रियापद तो दाखवीत नाही. म्हणजे संगणकावर जिचा वावर अत्यल्प, त्या कोलामीत ही संहिता विनासायास उतरेल. मराठीला मात्र प्रत्येक पावलावर निवड करावी लागेल. भाषेचे सामर्थ्य तिच्या ग्रंथसंख्येवरून मोजण्याची सवय येथे निरुपयोगी ठरते.

अशा खेळाचे रूपांतर हे तांत्रिक काम समजले जाते. वस्तुतः ते समीक्षेचे काम आहे, कारण सर्वनामाच्या निवडीतून संहितेत कोणाला प्रवेश आहे हे ठरते. छापील अनुवादात ती निवड अनुवादकाची आणि कायमची असते. मुक्तस्रोत संहितेत ‘शिरलास’ वाचून थबकलेली वाचक ती धारिका उघडून ‘शिरलीस’ लिहू शकते आणि आपली प्रत इतरांना देऊ शकते. अर्थ पूर्ण करणाऱ्या वाचकाला येथे पाठ बदलण्याचाही अधिकार मिळतो. मुक्तस्रोताचे साहित्यशास्त्रीय मोल या अधिकारात आहे.