मोजमाप आणि पंगत

साईबाबांची जात कोणती, हा प्रश्न शिर्डीत अनेकांनी विचारला. १९१८ साली बाबा गेले. उत्तर मिळाले नाही, आणि त्यावाचून कोणाचे अडलेही नाही. अशा गावात मास्तरकी करणाऱ्याने इरावती कर्वे वाचायला घेतल्या, की मन दोन्हीकडे ओढले जाते. कारण जात विचारणे हा तर बाईंच्या शास्त्राचा पहिला धडा!

१९५१ साली वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातील शरीरमापनांचा ग्रंथ सिद्ध केला. १९६८ साली कैलास मल्होत्रांसह आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. एका नावाखाली, एका पायरीवर नांदणारे समूहही शरीराने एकजिनसी नसतात, हे त्यांचे म्हणणे. त्याचे मोल आज कळते. २०१६ साली जगातील जनुकीय अभ्यासांची झडती घेतली, तेव्हा त्यांत सुमारे ८१ टक्के माणसे युरोपीय वंशाची निघाली. दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला सदरा आपल्याला कसा बसावा? म्हणूनच 'जीनोम इंडिया'ने ८३ समूहांतील सुमारे दहा हजार जणांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, हे काम मोठे.

पण यादीत नाव येणे म्हणजे पंगतीत पान मिळणे नव्हे. अकोले तालुक्याच्या डोंगरातून शिकायला आलेल्या आमच्या काही मुलांचे रक्त एकदा सिकलसेलसाठी नेले. निकाल आलाच नाही. "गुरुजी, माझं रक्त कसं निघालं?" असे एक मुलगा वर्षभर विचारीत होता. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा संभव चारांत एक. उद्या लग्न जुळवताना त्याला हे कळायला नको का?

इरावतीबाईंचा 'वाटचाल' हा वारीवरचा लेख मला इथे आठवतो. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायांचे जेवण वेगळे, हे त्यांना खुपते. त्या मराठा बायांबरोबर जेवतात, आणि मग त्या बाया अधिक जवळ येतात. मापनाच्या ग्रंथात माणसे आकड्यांच्या रांगेत उभी असतात. 'वाटचाल'मध्ये ती बोलतात. माझी तक्रार एवढीच, की या दोन इरावतीबाई एकमेकींना फारशा भेटत नाहीत. तेव्हा शास्त्राची रीतच तशी होती, असे म्हणून बाईंना सोडता येईल. आजच्या संशोधकाला मात्र सुटका नाही. रक्त घेण्याआधी कारण सांगावे, तेही त्या माणसाच्या बोलीत. नंतर निकाल घरी पोचवावा. आणि तपासणाऱ्यांतही त्या वाडीची मुले असावीत.

या दिवाळीत 'वाटचाल' पुन्हा वाचावा. प्रयोगशाळेतल्यांनी तर अवश्य वाचावा.