कोणाचे मूल? : कुरोसावा यांच्या ‘हाय अँड लो’ मधील अपहरण, कायदा आणि जीविताचे मोल

प्रास्ताविक

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा (१९१०-१९९८) यांचे नाव घेताच भारतीय रसिकांपुढे ‘राशोमोन’ आणि ‘सेव्हन सामुराई’ हे दोन चित्रपट उभे राहतात. तलवारी, घोडे, पाऊस आणि चिखल यांच्याशी त्यांचे नाव इतके जोडले गेले आहे की त्यांनी आधुनिक शहरावर केलेले चित्रपट काहीसे मागे पडतात. १ मार्च १९६३ रोजी प्रदर्शित झालेला ‘तेंगोकु तो जिगोकु’ हा त्यांपैकीच एक. मूळ जपानी शीर्षकाचा सरळ अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा आहे. जगभर मात्र तो ‘हाय अँड लो’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. या भाषांतरात उंच-सखल राहिले, पण स्वर्ग-नरकाचा नैतिक भार गळून पडला. तो भार ध्यानात ठेवूनच हा चित्रपट पाहावा लागतो.

चित्रपटाचा आधार एड मॅकबेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या इव्हान हंटर यांची ‘किंग्ज रॅन्सम’ (१९५९) ही अमेरिकन पोलिसकथा आहे. श्रीमंताचे मूल पळवायला आलेला गुन्हेगार चुकून त्याच्या ड्रायव्हरचे मूल पळवतो, ही कल्पना कुरोसावांनी तिथून घेतली. मात्र कादंबरीतील उद्योगपती आपले पैसे देत नाही आणि कुरोसावांचा नायक देतो. या एका फरकामुळे सारी कथाच वेगळ्या वाटेने जाते. वर्गविषमतेवरील भाष्य म्हणून या चित्रपटाची चर्चा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यही आहे. प्रस्तुत लेखात तिच्याच पोटातील एका अधिक अवघड प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. कोणाचा जीव मोजायचा आणि कोणाचा नाही, हा प्रश्न चित्रपट पूर्वार्धात एका मुलाच्या निमित्ताने विचारतो. उत्तरार्धात तोच प्रश्न एका निनावी स्त्रीच्या निमित्ताने पुन्हा उभा राहतो. त्या वेळी तो विचारायला पडद्यावर कोणीही उरलेले नसते.

दिवाणखान्यातील कसोटी

किंगो गोंदो (तोशिरो मिफुने) हा ‘नॅशनल शूज’ या कंपनीचा संचालक आहे. सोळाव्या वर्षापासून चपला-बुटांच्या कारखान्यात हाताने काम करत तो वर चढला आहे. योकोहामातील टेकडीवर त्याचे वातानुकूलित घर आहे. कंपनीतील इतर संचालकांना दिसायला आकर्षक, पण टिकायला कुचकामी बूट काढून नफा वाढवायचा आहे; गोंदोला ते मान्य नाही. म्हणून त्याने आपले सर्वस्व गहाण टाकून भागभांडवल ताब्यात घेण्याचा डाव रचला आहे आणि त्यासाठी ५ कोटी येन त्याच रात्री ओसाकाला पोहोचवायचे आहेत. नेमका तेव्हाच दूरध्वनी खणखणतो. मुलगा आमच्या ताब्यात आहे, ३ कोटी येन द्या.

गोंदो क्षणाचाही विचार न करता पैसे देण्यास तयार होतो. इतक्यात त्याचा मुलगा जुन खेळता खेळता समोर येतो. पळवला गेलेला मुलगा ड्रायव्हर आओकीचा शिनइची आहे. दोघे मुलगे शेरीफ आणि दरोडेखोर यांचा खेळ खेळत होते आणि खेळता खेळता त्यांनी पोशाखांची अदलाबदल केली होती. कपडे बदलताच श्रीमंताचे मूल कोणते आणि नोकराचे कोणते हे परक्याला ओळखता येत नाही. एवढी मोठी गोष्ट दिग्दर्शकाने एका पोरखेळात सहज सांगून टाकली आहे, तिच्यावर भाष्य करणारा एकही संवाद नाही.

मूल आपले नाही हे कळताच गोंदोचा होकार नकारात बदलतो. पुन्हा दूरध्वनी येतो. चूक झाली असली तरी फरक पडत नाही, पैसे तुम्हीच द्यायचे, असे गुन्हेगार सांगतो. या प्रसंगाकडे समीक्षेने जितके लक्ष द्यावे तितके दिलेले दिसत नाही. मालकाच्या आणि नोकराच्या मुलाची किंमत एकच आहे, हे विधान या चित्रपटात प्रथम करतो तो स्वतः अपहरणकर्ता! आई-वडिलांनी, पोलिसांनी, समाजाने जे उच्चारायला हवे होते ते एका क्रूर माणसाच्या तोंडून, क्रूर हेतूने ऐकू येते. गोंदोला ते असह्य होते, कारण ते खोडून काढता येत नाही.

यानंतरचा जवळजवळ सारा पूर्वार्ध, म्हणजे सुमारे पाऊण-एक तास, त्या एकाच दिवाणखान्यात घडतो. रुंद पडद्याचा असा उपयोग क्वचितच पाहावयास मिळतो. माणसे गटागटाने उभी राहतात, एकमेकांकडे पाठ फिरवतात, आणि या साऱ्यांच्या कडेला, कधी कोपऱ्यात तर कधी दाराशी, आओकी उभा असतो. तो मधे कधीच येत नाही. मुलगा त्याचा, पण निर्णय मालकाचा. तो एकदा मालकाच्या पायाशी लोळण घेतो. पुढे तोच, पैसे देऊ नका, म्हणून सांगतो. मराठीत ‘मिठाला जागणे’ म्हणतात. इथे मीठ आणि मूल एकाच पारड्यात पडले आहेत. युताका सादा या नटाने खांदे पाडून, नजर खाली ठेवून उभी केलेली ही व्यक्तिरेखा मिफुनेंच्या गर्जनेइतकीच लक्षात राहते.

गोंदोची पत्नी रेइको सुखवस्तू घरातून आली आहे, म्हणून पैसे देण्याचा आग्रह धरणे तिला सोपे जाते, असे गोंदोचे म्हणणे. त्यात तथ्य आहे आणि कुरोसावांनी ते दडवलेले नाही. गोंदोच्या मनाची घालमेल संपते ती कोणाच्या उपदेशाने नाही. त्याचा विश्वासू सहायक कावानिशी विरोधी संचालकांना फितूर झाल्याचे उघड होते. गोंदो पैसे देण्याचा निर्णय घेतो, आणि मग येतो चित्रपटातील सर्वांत हृद्य क्षण. पैशांच्या बॅगांत पोलिसांना रसायनाच्या पुड्या दडवायच्या आहेत. पाण्यात टाकल्यास उग्र दर्प सुटावा आणि जाळल्यास गुलाबी धूर निघावा अशी योजना. गोंदो आपली जुनी हत्यारे मागवतो, जमिनीवर बसतो आणि बॅगांचे अस्तर स्वतः उसवून शिवतो. ज्या हातांनी तो वर चढला त्याच हातांनी तो आपल्या ऱ्हासाची शिवण घालतो. आजूबाजूचे पोलीस गप्प होतात. श्रीमंतांविषयी फारशी आस्था नसलेले हे लोक इथून पुढे त्याचे होतात. ही आपुलकी सुंदर आहे. पुढे तीच घातक ठरते.

तपास

कोदामा या जलद गाडीतील प्रसंगाची वाखाणणी सर्वत्र झाली आहे, त्यामुळे इथे विस्तार नको. प्रसाधनगृहाची खिडकी फक्त ७ सेंटिमीटर उघडते, म्हणून बॅगा त्याहून जाड नकोत. साकावा नदीच्या पुलाजवळ त्या बाहेर फेकायच्या. काठावर उभे केलेले मूल धावत्या गाडीतून दिसणार. तासभर एका खोलीत कोंडलेला प्रेक्षक अवघ्या काही मिनिटांत वाऱ्यावर फेकला जातो. मूल सुटते. गोंदो नदीकाठी त्याच्याकडे धावत जातो.

सामान्य अपहरणपट इथे संपला असता. ‘हाय अँड लो’ अजून निम्म्याहून अधिक उरलेला असतो. निरीक्षक तोकुरा (तात्सुया नाकादाई) यांच्या नेतृत्वाखाली पोलीस बारीकसारीक धागे जुळवत जातात. ध्वनिमुद्रणातील ट्रामचा आवाज, मुलाने काढलेले समुद्राचे चित्र, दूरध्वनीच्या डब्यांची जागा, अखेर धुराड्यातून निघालेला गुलाबी धूर. कृष्णधवल चित्रपटात एवढी एकच वस्तू रंगीत आहे. पोलिसी कामाचे इतके निगुतीचे चित्रण त्या काळच्या चित्रपटांत विरळाच.

या भागातही शिनइचीकडे नीट पाहिले पाहिजे. घरी परतलेले मूल आता पुरावा झाले आहे. आओकी त्याला गाडीत घालून किनाऱ्याच्या रस्त्यांवरून फिरवतो, आठव, आठव म्हणून टोचतो. मालकाने तुझ्यापायी काय गमावले ते बघ, असा त्यामागचा भाव. सुटका झालेल्या मुलाच्या डोक्यावर ३ कोटींचे ऋण बसले आहे. जुन पळवला गेला असता तर त्याला असे कोणी म्हटले नसते. दोन मुले समान असल्याचे गोंदोने कृतीने सिद्ध केले खरे, पण ज्या क्षणी ते सिद्ध झाले त्याच क्षणापासून एक मूल उपकृत आणि दुसरे निर्धास्त झाले. चित्रपटातील ही सूक्ष्म जाण कथानकाच्या वेगात सहज निसटते.

कायद्याची उणीव आणि एका स्त्रीचा मृत्यू

गुन्हेगार आहे ताकेउची (त्सुतोमु यामाझाकी), एका रुग्णालयातील शिकाऊ डॉक्टर. टेकडीच्या पायथ्याशी, सांडपाण्याच्या नाल्याजवळच्या कोंदट खोलीत तो राहतो. त्याचे पहिले दर्शनही नाल्यातील गढूळ पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबातून घडते. मुलाला सांभाळण्यासाठी त्याने एका व्यसनी जोडप्याला हाताशी धरले होते. काम होताच अतिशुद्ध हेरॉइन देऊन त्याने दोघांचा काटा काढला.

पोलिसांना ताकेउचीचा माग लागतो. ते त्याला तत्काळ अटक करू शकतात. तोकुरा मात्र थांबतो. अपहरणाबद्दल फार तर १५ वर्षांची शिक्षा होईल, गोंदोने जे गमावले त्याच्या मानाने ती अपुरी आहे. खून सिद्ध झाला तर फाशी होईल. म्हणून जोडप्याच्या मृत्यूची बातमी दडवली जाते, वृत्तपत्रांना विश्वासात घेतले जाते, जोडपे जिवंत असून अधिक मालाची मागणी करीत आहे अशी बनावट चिठ्ठी ताकेउचीपर्यंत पोहोचवली जाते. हेतू हा की त्याने पुन्हा विष घेऊन तिथे यावे.

तो विष मिळवतो, पण आधी त्याची मात्रा तपासतो. परदेशी खलाशांनी गजबजलेल्या बारमधून तो व्यसनींच्या गल्लीत शिरतो. भिंतींना टेकलेली, कण्हणारी, नखांनी भिंत ओरबाडणारी माणसे आणि त्यांच्यामधून काळा चष्मा लावून फिरणारा हा तरुण. शीर्षकातील नरक तो हाच. तिथून तो माल न मिळाल्याने तळमळणाऱ्या एका स्त्रीला निवडतो आणि खोलीत नेतो. ती मरते. पाळतीवरचे पोलीस जवळच होते.

तिला नाव नाही. तिच्यासाठी खंडणी मागणारा कोणी नाही आणि देणाराही नाही. तिच्या मृत्यूनंतर तपास क्षणभरही थबकत नाही. पुढच्याच टप्प्यावर ताकेउची पकडला जातो आणि आता फाशी नक्की, असे तोकुरा त्याला समाधानाने सुनावतो. पूर्वार्धात ड्रायव्हरच्या मुलासाठी धनिकाने सर्वस्व द्यावे की नाही यावर पाऊण तास खल झाला होता. या स्त्रीसाठी पोलिसांनी आपला सापळा एक दिवस आधी आवळावा की नाही यावर एक वाक्यही खर्च होत नाही. गोंदोवरील प्रेमापोटी कायद्याची उणीव स्वतःच भरून काढायला निघालेल्या सज्जन अधिकाऱ्यांनी तिच्या जिवाचे मोल नकळत ठरवून टाकले आहे.

ही कुरोसावांची नजरचूक मानायची की योजना? दोन्ही बाजूंनी बोलता येते. कायद्याच्या सौम्यतेविषयीचा रोष चित्रपटात उघड आहे आणि तोकुराच्या चित्रणात उपरोधाची छटा जवळजवळ नाही. त्यामुळे दिग्दर्शक पोलिसांच्या बाजूचा आहे असे मानणारा अभ्यासक चुकीचा ठरणार नाही. परंतु ज्या दिग्दर्शकाला तिचा मृत्यू बिनमहत्त्वाचा वाटला असता त्याने तो एका वाक्यात उरकला असता. इथे त्या गल्लीवर, तिच्या बोटांवर, तिच्या थरथरणाऱ्या देहावर कॅमेरा रेंगाळतो. पात्रे तिला विसरतात, कॅमेरा विसरत नाही. चित्रपटाच्या संवादांपेक्षा त्याच्या दृश्यांवर विश्वास ठेवावा असे ज्यांना वाटते त्यांना दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटेल. प्रस्तुत लेखाचा कल त्याच बाजूला आहे.

कायद्याची ती उणीव जपानने पुढे दूर केली. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोत एका चार वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण होऊन त्याचा खून झाला. १९६४ साली दंडसंहितेत सुधारणा होऊन खंडणीसाठीच्या अपहरणास जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आली. भारतात १९९३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३६४-अ घालून अशा गुन्ह्यास जन्मठेप किंवा मृत्युदंडाची तरतूद झाली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १४० मध्ये कायम आहे. तोकुराची सबब आता उरलेली नाही. आरोपीला वाढीव शिक्षा मिळावी म्हणून तपासयंत्रणेने त्याला मोकळे ठेवावे काय, हा प्रश्न मात्र कलम बदलल्याने मिटत नाही.

हिंदी रूपांतर

१९७७ साली राज एन. सिप्पी यांनी याच कथेवर ‘इन्कार’ हा हिंदी चित्रपट केला. मराठी प्रेक्षकाला त्याचे अगत्य वाटण्याचे कारण म्हणजे पादत्राणांच्या कंपनीच्या मालकाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली आहे. चित्रपट लोकांच्या स्मरणात राहिला तो अमजद खान यांचा खलनायक आणि उषा मंगेशकर यांनी गायिलेले, हेलन यांच्यावर चित्रित झालेले ‘मुंगडा’ यांमुळे. विनोद खन्ना यांच्या रूपाने पोलीस अधिकारी नायक झाला आणि त्याला प्रेमकथेची जोड मिळाली. लागूंनी मालकाचे द्वंद्व संयमाने उभे केले आहे. पण नायकच पोलीस झाल्यावर पोलिसांना प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही. व्यसनींच्या गल्लीची जागा गुत्त्यातील गाण्याने घेतली, हा बदल पुरेसा बोलका आहे. स्पाइक ली यांनीही ‘हायेस्ट टू लोएस्ट’ (२०२५) मध्ये हीच कथा न्यूयॉर्कच्या संगीत व्यवसायात नेली आहे. साठ वर्षांनंतरही चुकून पळवलेल्या मुलाचा पेच शिळा झालेला नाही, एवढी नोंद येथे पुरे.

काचेपलीकडे

ताकेउचीला अटक होते तेव्हा गोंदोच्या घरातील सामानावर जप्तीच्या चिठ्ठ्या लागत असतात. खंडणीची बहुतांश रक्कम परत मिळते, पण घर आणि पद वाचवायला ती वेळेत येत नाही. पुढे तो एका लहान कंपनीत पुन्हा बूटच करू लागतो. फाशीची वाट पाहणारा ताकेउची धर्मोपदेशकाला नाकारून गोंदोला भेटीस बोलावतो. मधे जाळी आणि काच. हिवाळ्यात आपली खोली गोठवणारी, उन्हाळ्यात भाजणारी. तिथून तुमचे घर स्वर्गासारखे दिसे, एवढेच कारण तो देतो. आपण असे का झालो याची चिकित्सा करण्यात त्याला रस नाही. अभ्यासकांना हे कारण तोकडे वाटत आले आहे, आणि ते तोकडेच आहे. गोंदोही त्याच पायथ्याहून वर आला होता.

काचेत एकाचा चेहरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडतो. कोणाचा कोणता हे काही क्षण कळत नाही, जसे पोशाख बदललेल्या मुलांचे कळले नव्हते. गोंदो जवळजवळ काही बोलत नाही. ताकेउची आपल्याला भीती वाटत नसल्याचे सांगत राहतो, त्याचे हात थरथरू लागतात, तो उठून जाळी पकडतो आणि किंचाळतो. पहारेकरी त्याला ओढून नेतात. मधला पत्रा खाडकन खाली येतो. गोंदो पाठमोरा बसून राहतो, समोर बंद पत्रा आणि त्यावर त्याचे एकट्याचे पुसट प्रतिबिंब.