'स्वामी' कोणाचा?

रणजित देसाईंची 'स्वामी' आली १९६२ साली. १९६४ चं साहित्य अकादमीचं पारितोषिकही तिला मिळालं. माधवराव पेशवा, चुलता राघोबा, क्षय, थेऊर, सती जाणारी रमाबाई. वाचणारे अजून रडतात. मी ती रातपाळी करून आल्यावर वाचली, झोप मोडून. रडू यावं अशीच बांधणी आहे. म्हणून तर विचारायचं : यात सत्ता कुठंय?

कार्ल श्मिट नावाचा जर्मन कायदेपंडित होता. १९३३ साली नाझी पक्षात गेला. माणूस आपल्या कामाचा नाही. पण १९२२ साली त्यानं एक गोष्ट नेमकी पकडली : कायदा कधी बाजूला ठेवायचा हे जो ठरवतो, तोच सार्वभौम.

हे माप पेशव्याला लावून बघा. कागदावर तो साताऱ्याच्या छत्रपतींचा चाकर. निर्णय मात्र शनिवारवाड्यात. म्हंजे खरा धनी तोच. देसाई या सत्तेचं कर्तव्याचं ओझं करून टाकतात. राजा झिजतो, खोकतो, आणि आपण त्याची कीव करत बसतो. ज्यांच्यावर सत्ता चालली त्यांचं काय, हे विचारायचं राहूनच जातं.

रामशास्त्र्यांच्या न्यायाचे गोडवे सगळेच गातात. पण तो न्याय कोणापर्यंत पोचत होता? पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलंय. थुंकी मडक्यात, पाऊल झाडूनं पुसायचं.

इथं श्मिटही तोकडा पडतो. त्याचा सार्वभौम एकटा, वर बसलेला. कायदा बाजूला ठेवायचा तो संकटात, कधीतरी. आपल्या बापजाद्यांसाठी तो रोजच बाजूला होता. आणि ते ठरवायला दरवेळी पेशवा लागत नव्हता, गल्लीतला कुठलाही सवर्ण पुरे होता. जात म्हणजे घरोघर वाटून दिलेली राजसत्ता.

म्हणून कादंबरीत चार महार-मांग घाला, ही मागणी अपुरी आहे. राजाच्या खांद्यावरून बघणारी नजरच मोडली पाहिजे. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या घटनेनं सार्वभौमत्व लोकांच्या हाती दिलं, १७ व्या कलमानं अस्पृश्यता रद्द केली. वाड्यातली गादी गेली. गल्लीतली अजून हटलेली नाही.

तेव्हा मित्रांनो, 'स्वामी' वाचा, पण राजासाठी रडू नका. आणि उद्या तुमच्यातलं कोणी ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलं, तर आपलाही एक राजा शोधत बसू नका. त्या मडक्याच्या वजनापासून सुरुवात करा.